डावीकडचा गिटारवाला

सोमवार, ३

वही जुनीच आहे. पुढच्या पानांवर कवळ्यांची मापं आहेत, म्हणून मागच्या बाजूने सुरुवात करतो. रोजनिशी लिहिणाऱ्या माणसांची मी आजवर टिंगलच केली. पण कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मनात येईल ते कुणाशी तरी बोला." बोलण्यापेक्षा लिहिणं बरं. लिहिताना समोरचं माणूस डोळे पुसत बसत नाही.

हकीकत अशी. माझ्या डाव्या कानाच्या आत, ऐकण्याच्या नसेवर, वाटाण्याएवढी गाठ आहे. जातीने वाईट नाही, पण वाढते आहे, आणि वाढत गेली तर मेंदूला दाबेल. पुढच्या मंगळवारी, ११ तारखेला, ती काढायची. तिच्याबरोबर नसही जाणार. म्हणजे त्या दिवसापासून डाव्या कानाने काहीही ऐकू येणार नाही. हळू नाही, मोठ्याने नाही, यंत्र लावूनही नाही. उजवा ठणठणीत राहील. बाईंनी हे इतकं सरळ सांगितलं की मला त्यांचा राग येता येता राहिला. मीही लोकांना असंच सांगतो, की हे दात आता राहणार नाहीत, कवळी करू.

त्यांनी एक आलेखही दाखवला. त्यात एक रेघ बरीच खाली गेलेली होती. मी मान डोलावली आणि कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला.

निघताना त्या हसून म्हणाल्या, "आठ दिवस आहेत. काही ऐकायचं राहिलं असेल तर ऐकून घ्या." त्यांनी गंमत केली असेल. मी मनावर घेतलं.

कपाटावर सात रेकॉर्ड आहेत. लग्नाच्या आदल्या वर्षी एका बंद होणाऱ्या दुकानातून उचललेल्या. सगळ्या एकाच जातीच्या: सौम्य जॅझ, आणि गुडघा आपोआप हलेल इतपत फंक. ही त्याला दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतलं संगीत म्हणते. एकतीस वर्षं मी त्या लावतो आहे, पण नुसता बसून कधीच ऐकल्या नाहीत. हातात मेण, नाहीतर पेपर, नाहीतर कुणाशी वाद. आता ठरवलं आहे की रोज एक, संध्याकाळी सहाला, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर खुर्ची टाकून, हात मांडीवर ठेवून ऐकायची. हे संगीत खोलीभर पसरून बसतं. कुणी या कोपऱ्यात, कुणी त्या, आणि मधे मोकळी जागा. एकच कान उरला की सगळे एका ठिकाणी गोळा होणार. मला त्या मोकळ्या जागेचं वाईट वाटतं आहे. लोकांना सांगितलं तर हसतील.

आज पहिली. कव्हरवर पाणी काढून टाकलेला पोहण्याचा तलाव आणि तळाशी एक खुर्ची. सॅक्सोफोनवाला उजवीकडे, इतका जवळ की फुंकर मारण्याआधी घेतलेला श्वास ऐकू येतो. मधे बेस आणि ड्रम. डावीकडे गिटारवाला. हा मात्र फार मागे बसला आहे, शेजारच्या घरात वाजवत असल्यासारखा. तरुणपणी तो एवढा लांब वाटला नव्हता. रेकॉर्डची एक बाजू झिजली असावी.

मधेच ही येऊन काहीतरी बोलली. मी हात वर करून थांबवलं. ती गेली. जेवायला बसलो तर हिने आपली जागा बदललेली. तीस वर्षं माझ्या डाव्या हाताला बसणारी बाई आज उठून उजव्या हाताला. विचारलं तर म्हणे, "तिकडे पंख्याचा वारा लागतो." चिडली असेल. मी माफी मागायच्या भानगडीत पडलो नाही.

मंगळवार, ४

कामावर सांगून टाकलं. भागीदार आणि मी बावीस वर्षं एका टेबलावर दात बनवतो. तो पोर्सेलीन लावतो, मी साचे आणि कवळ्या. त्याने ब्रश खाली ठेवला, मग म्हणाला, "एक तोटा आहे. आता एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडता येणार नाही. वहिनींचं सगळं आतच राहणार." आम्ही दोघं हसलो. नंतर त्याने न विचारता माझ्या वाटचे तीन साचे स्वतःकडे ओढून घेतले.

मी एक परत घेतला. एकाच बाजूची अर्धी कवळी होती, अशा डाव्या-उजव्याच्या कामात मला दुसऱ्याचा भरवसा वाटत नाही. नवशिके हमखास इथेच चुकतात. साचा समोर ठेवला की तोंड आपल्याकडे असतं, म्हणजे आपल्या उजव्या हाताला असतो तो रुग्णाचा डावा जबडा. मला शिकवणारे मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "आजपासून तुला तुझं डावं-उजवं नाही. समोरच्याचं डावं ते डावं." तेव्हापासून एकतीस वर्षांत माझं डावं-उजवं एकदाही चुकलेलं नाही. हे मी जरा अभिमानानेच लिहितो आहे.

दुसरी रेकॉर्ड ऐकली. कव्हरवर पाठमोरी बाई, पिवळा कोट. इथे डावीकडे ऑर्गन आहे. तोही तसाच दबका. उजवीकडचा ट्रम्पेट मात्र तोंडावर रुमाल धरून वाजवावा तसा मऊ असूनही प्रत्येक सूर पोचतो. दोन वेगळ्या टोळ्या, दोन वेगळी वाद्यं, आणि दोन्हीकडे डावीकडचाच माणूस बुजरा. हे लोक लाजाळू वादकाला मुद्दाम डावीकडे बसवत असावेत. आपल्याकडे नाही का, लग्नाच्या फोटोत न हसणारा काका कडेला उभा करतात.

ही वाचनालयात काम करते. तिथे हळू बोलायची सवय, पण अलीकडे हिचा आवाज फारच बसला आहे. आज दोनदा "काय?" म्हणावं लागलं. घसा दाखवून ये म्हटलं तर माझ्याकडे नुसतं बघत राहिली.

झोपायच्या वेळी नवीनच. "आजपासून मी खिडकीकडे झोपते. या कुशीवर खांदा दुखतो." म्हणजे मी तिच्या जागी आणि ती माझ्या. माझ्या शरीराने त्या गादीला पाडलेला खळगा सोडून मला तिच्या खळग्यात झोपावं लागलं. तिच्या उशीला तिच्या केसांचा वास होता. ऑपरेशन माझं आणि घडी हिची विस्कटली आहे.

बुधवार, ५

आज भीती वाटली. सकाळी दाढी करताना, काही कारण नसताना. कुणाला सांगितलं नाही. इथे लिहितो आहे.

दुपारी भागीदार बाहेर गेला तेव्हा एक प्रयोग केला. मेण ऊन करून मऊ केलं, गोळी वळली आणि डाव्या कानात बसवली. साचा घेण्याचाच हात, अगदी घट्ट बसली. म्हटलं, पुढचं आयुष्य कसं असेल ते आजच बघू. पाणी सोडलं, घासायचं मशीन चालवलं, रेडिओ लावला. आश्चर्य म्हणजे फारसा फरक पडला नाही. जवळजवळ होतं तसंच. मला इतकं हलकं वाटलं की चहा मागवला. माणूस कशालाही सरावतो म्हणतात ते खरं असावं, आणि एवढ्या लवकर सरावतो हे मला माहीत नव्हतं.

मेण काढून घरी आलो. तिसरी रेकॉर्ड: कव्हरवर नुसता तपकिरी रंग आणि एक पांढऱ्या रंगाचा बूट. ही सातांतली सगळ्यात फंकी. बेसवाला मधोमध आहे आणि घर तोच चालवतो. दाढेसारखा माणूस. हसताना दिसत नाही, पण चावायचं काम त्याचंच. डावीकडे बासरी आहे असं कव्हरवर लिहिलेलं आहे म्हणून समजलं.

म्हणजे डावीकडे असं नाही लिहिलेलं. बासरी आहे एवढंच लिहिलं आहे. उजवीकडे नव्हती, म्हणून डावीकडे असणार.

रेकॉर्ड संपल्यावर फिरायला गेलो, कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत आणि परत. ही नेहमी माझ्या डाव्या बाजूने चालते. आज दोन पावलं मागे राहिली, पाठीमागून वळसा घालून उजवीकडे आली आणि चालू लागली. मी थांबलो. "आता काय?" "त्या बाजूला फरशी उखडलीय," ती म्हणाली. फरशी कुठेही उखडलेली नव्हती, मी परतताना मुद्दाम बघितली. तिचं काहीतरी बिनसलं आहे. ऐकायला आठ दिवस डॉक्टरांनी दिलेत, आपण नाही, असं तिला वाटत असेल. मी संध्याकाळी त्या खुर्चीत बसतो आणि तिला हाताने थांबवतो, हे मला दिसत नाही असं नाही. पण आठच दिवस आहेत. मग आयुष्यभर आहोतच एकमेकांचं ऐकायला.

शाळेजवळ एकदा म्हणाली, "तुमच्या सातही रेकॉर्ड होतील ना ऐकून?" मी म्हटलं, होतील. "बरं," म्हणाली.

शुक्रवार, ७

काल लिहिलं नाही. चौथी रेकॉर्ड ऐकली, त्यात विशेष काही घडलं नाही. आज घडलं.

लेकीने पार्सल पाठवलं. ती दूर असते, मंगळवारी सकाळी पोचणार आहे. पार्सलमध्ये मोठे, कान झाकणारे हेडफोन. फोनवर म्हणाली, "बाबा, डावा-उजवा लिहिलाय त्यावर. बघून घाला, नाहीतर घालाल उलटे." मी म्हटलं, "बापाला डावं-उजवं शिकवतेस?" चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण माझ्या धंद्यात रोज कुणीतरी ऐकवतं. आज ती माझ्यावरच आली.

हेडफोन नीट बघून घातले आणि पहिली, तलावाची रेकॉर्ड पुन्हा लावली.

गिटारवाला उजव्या कानात आला.

नुसता आला नाही, मांडीला मांडी लावून बसला. तारेवरून बोट सरकल्याची खरखर ऐकू आली. दुसऱ्या गाण्यात तो सुरांची एक लहानशी उडी मारतो आणि स्वतःशीच हसतो, ते हसणं रेकॉर्डमध्ये आहे. मला ते तरुणपणी ऐकल्याचं एकदम आठवलं. आणि सॅक्सोफोनवाला गेला. त्याचा श्वास नाही, फुंकर नाही, भिंतीपलीकडे कुणीतरी रडत असल्यासारखा काही आवाज.

आधी वाटलं हेडफोन चुकीचे बनवले आहेत. काढून उलटे घातले. सॅक्सोफोन परत आला आणि गिटारवाला शेजारच्या घरात गेला. पुन्हा सुलटे. पुन्हा उलटे. असं पाच-सहा वेळा केलं. मग उठून स्पीकरच्या मागे वाकून बघितलं.

माझ्या उजव्या हाताला असलेल्या खोक्यावर, मागे, पांढरी चिकटपट्टी आहे. त्यावर माझ्याच अक्षरात, जांभळ्या पेन्सिलने: "डावा". एकतीस वर्षांपूर्वी, दात बनवायला शिकत होतो त्याच आठवड्यात मी हे स्पीकर जोडले. मास्तरांचा शब्द ताजा होता. खोकी माझ्याकडे तोंड करून उभी होती, म्हणून मी त्यांचं डावं ते डावं धरलं. नंतर दोन घरं बदलली आणि दोन्ही वेळा चिकटपट्टी बघून इमानदारीने तसंच जोडलं. एकतीस वर्षं गिटारवाला चुकीच्या बाजूला बसला आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मी हसत होतो. मग हसणं थांबलं, कारण पुढचं लक्षात आलं.

रेकॉर्ड झिजलेली नाही. गिटारवाला बुजरा नाही, ऑर्गनवाला नाही, बासरीवाला नाही. ज्याला मी माझ्या डाव्या बाजूला बसवेन तो बुजरा होतो. बुधवारी मेणाने बंद केला तो कान आधीच बंद होता, म्हणून फरक पडला नाही. फाइल काढून बाईंचा आलेख उलगडला. एक रेघ वर, सरळ. दुसरी पहिल्या चौकटीपासून खाली उतरत जाते आणि कागदाच्या तळाशी पोचते. खाली तारीख आणि "डावा". मला एवढं कळतं. मी रोज मापांचे कागद वाचतो.

मी आठवडाभर निरोप घेत होतो. ज्याचा घेत होतो तो आधीच निघून गेला आहे.

हिला काही बोललो नाही. पाचवी रेकॉर्ड लावली नाही.

शनिवार, ८

आज हिच्या वाचनालयात गेलो. तिला न सांगता. वर्तमानपत्रांच्या मांडणीमागे उभा राहिलो, उजवा कान तिच्या टेबलाकडे करून.

एक म्हातारे गृहस्थ आले होते. त्यांना एक पुस्तक हवं होतं आणि नाव आठवत नव्हतं. फक्त हिरवं होतं आणि त्यात एक नदी होती, एवढंच आठवत होतं. ही नेहमीच्या आवाजात बोलत होती. हळू, पण प्रत्येक अक्षर सुटं. "नदी शेवटी येते की सुरुवातीला?" असं तिने विचारलं. गृहस्थ खूश झाले. मीही खूश झालो, पुस्तक माझं नसताना. तिचा आवाज बसलेला नाही. लग्नाआधी होता तसाच आहे, थोडा खालच्या पट्टीत, आणि वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा. हा शेवटचा भाग मी विसरलो होतो.

मी त्या मांडणीमागे बराच वेळ उभा होतो. मग तिने वर बघायच्या आत घरी आलो.

रविवार, ९

सकाळी चहाच्या वेळी विचारलं. ती उजव्या हाताला बसली होती.

"तू जागा का बदललीस?"

"सांगितलं ना, पंख्याचा वारा."

"पंखा महिनाभर बंद आहे."

ती कपात बघत राहिली. मग म्हणाली, "कळलं तर एकदाचं."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"त्या दिवशी स्वयंपाकघरात नळ चालू राहिला होता. दोन वर्षं होतील. तुमच्या डाव्या हाताला धो धो वाहत होता आणि तुम्ही निवांत पेपर वाचत होतात."

"मग मला बोलली का नाहीस?"

"बोलले. चारदा बोलले की डॉक्टरकडे चला. तीनदा डावीकडून बोलले असेन. चौथ्यांदा समोर उभी राहून बोलले. तर म्हणालात, माझ्या कानाला धाड भरलेली नाही, तूच पुटपुटतेस."

हे मी म्हणालो होतो. मला आठवतं. मशीनची घरघर कानात बसली आहे, असंही म्हणालो होतो, आणि दोन वर्षं त्यावर राहिलो. तेव्हा गेलो असतो तर काय झालं असतं, हे बाईंना विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. लाज वाटते. भीतीपेक्षा लाज जास्त आहे.

"तेव्हाच का नाही आलीस या बाजूला?"

"वाटलं, येईल परत ऐकू," ती म्हणाली. "बाजू बदलली म्हणजे मीच मान्य केल्यासारखं झालं असतं."

"आणि आता?"

"आता मंगळवारनंतर यायचंच आहे. म्हटलं, आधीपासून सवय करावी. तुम्ही उठाल तेव्हा मान वळवून मला शोधत बसाल, ते मला बघवायचं नाही. त्यापेक्षा मी आधीच तिथे असलेली बरी."

म्हणजे जेवणाची जागा, गादी, फिरणं. मी ज्याला तिचा राग समजत होतो ती तिची तयारी होती. मी खुर्चीत बसून रेकॉर्ड ऐकत होतो आणि ती घरातल्या घरात मुक्काम हलवत होती. मी म्हटलं, "आज एकदाच डावीकडे ये. काय येतं ते बघू."

"नको. आत्ता कुठे सवय लागतेय."

मग मी ते विचारलं जे कालपासून ओठांवर होतं. डावीकडून तिने दोन वर्षांत काय काय सांगितलं, आणि मी काय उत्तरं दिली.

ती आधी हसली. "न्हाणीघराचा पिवळा रंग. मी विचारलं लावू का, तुम्ही हो म्हणालात. नंतर महिनाभर तोंड वाकडं." मग हसणं विरलं. "बाकी राहू द्या. शिळं झालं."

"सांग."

तिने टेबलावर सांडलेला चहाचा थेंब बोटाने पुसला. मग म्हणाली, "ताई गेली त्या दिवशी, परतताना, गाडीत."

तिची मोठी बहीण गेल्या वर्षी गेली. गाडी भागीदार चालवत होता, आम्ही मागे होतो, ही माझ्या डावीकडे. तिने काहीतरी म्हटल्याचं मला आठवतं. रस्त्याचा आवाज होता. मी तिच्या हातावर थोपटून उत्तर दिलं होतं.

"मी म्हटलं होतं, आता मला लहानपणापासून ओळखणारं कुणी उरलं नाही. आता माझं म्हणून फक्त तुम्ही."

"आणि मी काय म्हणालो?"

"बघू उद्या, म्हणालात."

ती त्यानंतर दहा-पंधरा दिवस गप्प होती. मी लोकांना सांगत होतो, बहिणीचं दुःख आहे, वेळ लागेल. शहाणपणाने सांगत होतो.

मला रडू आलं. ते लपवायला जागा नव्हती. तिने माझ्यासमोरचा कप बाजूला सरकवला, सांडेल म्हणून.

संध्याकाळी सहाला तिनेच आठवण केली. "दोन दिवस बंद आहे तुमचं. सातवी लावा." पाचवी आणि सहावी राहिल्या, राहू देत. सातवीच्या कव्हरवर कसलंच चित्र नाही. स्पीकरच्या तारा मी बदलल्या नाहीत. दोन खुर्च्या टाकल्या, एक दुसरीच्या उजवीकडे. रेकॉर्ड चालू असताना ती बोलत होती: वाचनालयातल्या त्या गृहस्थांना नदीचं पुस्तक मिळालं, पण ते हिरवं नव्हतं, लाल होतं. "आणि वर्तमानपत्रांच्या मागे एकजण लपून बसले होते. त्यांचे बूट दिसत होते." मी हात वर केला नाही. मागे पियानो चालू होता, कुठल्या बाजूला ते सांगता येणार नाही.

सोमवार, १०

हॉस्पिटल. खाट खिडकीजवळ. ही आत आली, खोलीकडे एकदा बघितलं आणि पाहुण्यांची खुर्ची उचलून खाटेच्या उजव्या बाजूला नेली. परिचारिकेने ती परत डावीकडे ठेवली, तिकडे सलाइनचा स्टँड नाही म्हणून. हिने ती पुन्हा उचलली आणि स्टँडच्या पलीकडे खोचून बसली.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. संमतीच्या कागदावर "डावा कान" लिहिलं होतं. मी विचारलं, "कुणाचा डावा?"

"म्हणजे?"

"तुम्ही समोरून बघणार. माझा डावा तुमच्या उजव्या हाताला येईल."

"दर वेळी येतो," बाई म्हणाल्या. "तीनजण तीनदा तपासतात, आणि सकाळी बाण काढतो." मग मी त्यांना स्पीकरची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हवं तर तुम्हीही खूण करा. चौथी तपासणी."

त्या गेल्यावर मी खिशातली जांभळी पेन्सिल काढली. कवळीवर खुणा करायची ही आमची पेन्सिल, ओली केली की गडद उमटते आणि सहजी जात नाही. हिला दिली. म्हटलं, "उजव्या कानामागे लिही: हा नाही."

तिने पेन्सिल ओली केली, माझं डोकं हाताने वाकवलं आणि लिहायला लागली. टोक गार होतं. मधेच थांबली, पुन्हा लिहायला लागली.

"दोन शब्दांना एवढा वेळ?"

"मान हलवू नका. अक्षर बिघडेल."

नंतर अंगठ्याने कडेचं काहीतरी पुसलं आणि पेन्सिल स्वतःच्या पर्समध्ये ठेवून दिली. आता ती खुर्चीत बसून झोपली आहे. तिचा श्वास मला ऐकू येतो.

मंगळवार, ११

सकाळचे साडेसहा. दहा मिनिटं आहेत असं म्हणाले.

लेक पोचली. खाली चहा आणायला गेली आहे. ही दारापाशी परिचारिकेशी बोलत होती, आता व्हरांड्यात उभी आहे. मला इथून तिची पाठ दिसते.

परिचारिकेने डाव्या कानामागचे केस काढले आणि मानेवर बाण काढला. मी हात लावून बघितला, बरोबर बाजूला आहे. मग तिने माझं डोकं दुसरीकडे वळवलं, पट्टी बांधायच्या आधी सगळीकडून पुसायचं असतं म्हणाली, आणि थांबली.

"काका, हे काय लिहिलंय?"

"खूण आहे. 'हा नाही' असं लिहिलंय. डॉक्टरांनी चुकून उजवा धरू नये म्हणून."

ती वाकली. वाचायला तिला वेळ लागला, अक्षर लहान असावं.

"असं नाही लिहिलेलं," ती म्हणाली.

"मग?"

"'हा माझा.'"

ती कापूस हातात धरून उभी होती. "पुसू का?" तिने विचारलं. मी नको म्हटलं.